शब्दांची विचारपूस: ‘मी’ आला कुठून?

मागच्या अंकात मी वाचकांना म्हटलं होतं की रोज तोंडात येणारा एखादा एका अक्षराचा शब्द घ्या आणि त्याबद्दल जे काही मनात येईल ते लिहून पाठवा. ‘का’ आला, ‘ना’ आला, ‘गं’ आणि ‘बा’ पण आले, पण सगळ्यात जास्त पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले ते ‘मी’वर. म्हणून यावेळचं सगळं पान ‘मी’ला दिलंय, बाकीच्यांनी रागावू नका, तुमचे शब्द पुढच्या महिन्यात घेते.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी धायरीत राहतो, मूळ गाव भोर तालुक्यात. माझी आजी कायम ‘म्या’ म्हणायची. ‘म्या न्हाई खाल्ली साखर’, ‘म्या सांगितलं व्हतं तुला’. पण निघायची वेळ झाली की ‘मी जाते’ म्हणायची, ‘म्या जाते’ असं तिच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. मी शाळेत एकदा ‘म्या केलं’ म्हणालो तर बाईंनी सगळ्या वर्गासमोर उभं केलं होतं आणि नंतर घरी येऊन आम्ही भावंडं आजीलाच हसायचो, त्याचं आता फार वाईट वाटतं कारण आजी गेल्या वर्षी गेली. आता माझी मुलगी तिसरीत आहे, सोसायटीत सगळी पोरं हिंदी बोलतात, तर ती ‘मीने केलं’ असं म्हणते. आजीचं चूक होतं का, मुलीचं चूक आहे का, आणि संस्कृतमध्ये तर ‘अहम्’ आहे मग त्याचा ‘मी’ कसा काय झाला? – एक वाचक, धायरी

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आजीचं काहीही चुकत नव्हतं. आणि तुम्ही लहानपणी जे कानाने टिपलंत ना, की जायचं असलं की ‘मी’ आणि खाल्लं-केलं-सांगितलं असलं की ‘म्या’, त्यातच तुमच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर आहे.

आधी ‘अहम्’चं बघू. ‘अहम्’पासून ‘मी’ झालेलाच नाही. ‘अहम्’ची पोरंबाळं वेगळी आहेत आणि ती आपल्या शेजारीच राहतात, प्राकृतात ‘अहं’, मग अपभ्रंशात (म्हंजे प्राकृतानंतरच्या बोलींत) ‘हउं’, आणि तिथून गुजरातीत ‘हुं’, ब्रज भाषेत ‘हौं’ आणि आपल्या कोकणीत ‘हांव’. गोव्याला गेलात की ‘हांव येता’ ऐकता ना, तो ‘हांव’ म्हंजे थेट ‘अहम्’चा वंशज. मराठीत मात्र त्याची जागा दुसऱ्याच शब्दानं घेतली, तो म्हंजे ‘मया’. ‘मया’ म्हंजे ‘माझ्याकडून’, तृतीया विभक्ती. ‘मया’चं प्राकृतात ‘मए’, ‘मइ’ झालं आणि त्याचा झाला ‘मी’. हिंदीचा ‘मैं’, पंजाबीचा ‘मैं’, असमियाचा ‘मइ’ हे सगळे याच घरातले.

आता ‘माझ्याकडून’ असा अर्थ असलेला शब्द कर्ता कसा काय होऊन बसला? तर झालं असं की बोलीभाषेत लोकांनी भूतकाळाची जुनी अवघड क्रियापदं हळूहळू सोडून दिली आणि सोपी वाट धरली. ‘मी फळ खाल्लं’ याला ‘मया फलं खादितम्’ म्हणायला लागले, म्हंजे ‘माझ्याकडून फळ खाल्लं गेलं’. हे शेकडो वर्षं चाललं, बोलताबोलता ‘गेलं’चा भाव विसरला गेला, ‘माझ्याकडून’ हा अर्थ पण पुसट झाला, आणि शेवटी ‘मया’चा ‘मी’ साध्या कर्त्याच्या खुर्चीत बसला. पण जुनी मांडणी मात्र तशीच राहिली आणि ती आजही तुमच्या-माझ्या तोंडात आहे. बघा, मी आंबा खाल्ला. मी भाकरी खाल्ली. मी पोहे खाल्ले. बोलणारा बाप्या असो नाहीतर बाई, ‘खाल्ली’ ही भाकरीकडे बघून ठरते, माझ्याकडे बघून नाही. आणि ‘मी गेलो’, ‘मी गेले’ म्हणताना मात्र क्रियापद माझ्याकडे बघतं. मराठी शिकणारे परदेशी विद्यार्थी इथेच अडखळतात आणि आपल्याला त्यांना का ते सांगता येत नाही, कारण शाळेत आपण ‘कर्मणी प्रयोग’ असं नाव पाठ करतो आणि पुढे जातो. खरं कारण हे आहे की ‘मी भाकरी खाल्ली’ मधला ‘मी’ अजून आतून ‘माझ्याकडून’च आहे.

म्हणूनच ‘त्याने खाल्ली’, ‘आईने खाल्ली’, ‘मांजराने खाल्ली’ पण ‘मी खाल्ली’. ‘ने’ लागत नाही कारण ‘ने’चं काम आधीच झालेलं आहे, तो शब्द जन्मानेच तृतीयेतला. ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ यांनाही ‘ने’ लागत नाही. तुमच्या मुलीचं म्हणाल तर ती ऐकून ऐकून नियम बनवतीये, त्याने, तिने, आईने, बाबाने, मग मीने. यात बुद्धी दिसते, आळस नाही. आणि हिंदीनं तरी दुसरं काय केलं, ‘मैं’ आधीच तृतीयेतला होता, त्याच्या पोटात एक अनुस्वार तृतीयेचा, तरी त्याला वर आणखी ‘ने’ जोडून ‘मैंने’ केलं. पंजाबी मात्र अजून ‘मैं कीता’च म्हणतात. तर पोरीला रागवू नका, नुसतं आपण ‘मी केलं’ म्हणत राहायचं, येईल तिला.

आता आजी. जुन्या मराठीत दोन वेगळी रूपं होती, कर्त्याला ‘मी’ आणि तृतीयेला ‘म्यां’. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हंजे इ.स. १२९०, त्यात ‘म्यां’ आहे, ‘मियां’ पण आहे, आणि तुकोबांच्या गाथेतही ‘म्यां’ आहे. जुन्या व्याकरणाच्या पुस्तकात तृतीयेच्या रकान्यात ‘मी, म्यां’ अशी दोन्ही रूपं शेजारी-शेजारी छापलेली असायची. पुढे शहरातल्या, छापील मराठीनं ‘म्यां’ सोडून दिला आणि दोन्हीकडे ‘मी’च वापरायला लागली. भोर, वेल्हे, मुळशी, मावळ इकडच्या लोकांनी तो सोडला नाही, फक्त शेवटचा अनुस्वार गळला. म्हंजे तुमची आजी जो भेद रोज सहज पाळत होती, जाताना ‘मी’ आणि केलं की ‘म्या’, तो भेद मी एवढी भाषा शिकून सुद्धा बोलताना पाळू शकत नाही. वर्गात उभं करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, उलट वर्गाला सांगण्यासारखं खूप होतं, आणि मला मनापासून वाटतं की आजही एखाद्या पोरानं वर्गात ‘म्या’ म्हटलं तर शिक्षकांनी थांबून हे सांगावं.

एक राहिलंच. ‘माझा’ कुठून आला असं तुम्ही विचारलं नाहीये पण सांगते, तो ‘मह्यम्’मधून. ‘मह्यम्’ म्हंजे ‘मला’, त्याचं प्राकृतात ‘मज्झ’, मग ‘मज’ आणि ‘माझा’. पसायदानात जो ‘मज’ आहे तोच हा. ‘गुह्य’चं ‘गुज्झ’ होऊन ‘गूज’ झालं ना, अगदी तसंच.

प्रश्न: ताई, खराडीला माझ्या ऑफिसात शेजारी एक बंगाली मुलगी बसते, ती फोनवर घरी बोलताना सारखं ‘आमि, आमि’ म्हणते. मला वाटायचं ‘आम्ही’ म्हणतीये, तर ती म्हणाली की ‘आमि’ म्हणजे ‘मी’. आमचं दोघींचं यावर फार हसणं झालं पण मग वाटलं की असं का असेल? – खराडी

उत्तर: तुम्हाला जे ऐकू आलं ते बरोबर ऐकू आलं! बंगालीचा ‘आमि’ हा आपल्या ‘आम्ही’चा सख्खा भाऊ आहे. दोन्ही निघाले संस्कृतच्या ‘अस्माभिः’ मधून, म्हंजे ‘आमच्याकडून’, परत तृतीयाच बघा. मराठीत तो अनेकवचनी राहिला, बंगालीत एकवचनी झाला.

बंगालीत आधी एकवचनाला ‘मुइ’ होता, तो आपल्या ‘मी’चा भाऊ, ‘मया’तूनच आलेला. पण शहाण्यासुरत्या लोकांना ‘मुइ’ गावंढळ वाटायला लागला, आणि ते स्वतःला ‘आमि’ म्हणायला लागले, जसं आपल्याकडे पूर्वी मोठी माणसं ‘आम्ही सांगतो ते ऐका’ म्हणायची. मग सगळेच ‘आमि’ झाले, आणि मग खऱ्या अनेकवचनाला नवा शब्द लागला म्हणून ‘आमरा’. ‘मुइ’ खेड्यापाड्यात राहिला. उत्तर प्रदेश-बिहारची माणसं स्वतःपुरतं ‘हम’ म्हणतात तेही असंच, ‘हम जा रहे हैं’ आणि जाणारा एकटाच असतो. वरच्या पत्रातला ‘म्या’ आणि बंगालचा ‘मुइ’, दोघांच्या नशिबी एकच आलं, याचं मला पत्रं लावताना फार वाटलं म्हणून ही दोन पत्रं लागोपाठ घेतलीत. तुमच्या मैत्रिणीला विचारा, तिच्या आजोळी कुणी ‘मुइ’ म्हणतं का, आणि मला कळवा.

प्रश्न: मॅडम, मी इंजिनिअरिंगला आहे, कात्रजला राहतो, सोबत जर्मनचा क्लास लावलाय. इंग्लिशमध्ये मी म्हणजे ‘मी’ (उच्चार सेम!), स्पॅनिशमध्ये ‘मी’ म्हणजे माझा, आयरिशमध्ये ‘मे’, स्वाहिलीत ‘मिमी’, जॉर्जियनमध्ये ‘मे’. यूट्यूबवर एक जण म्हणत होता की जगातल्या सगळ्या भाषा एकाच भाषेतून आल्यात त्याचा हा पुरावा आहे. खरंय का? – कात्रज

उत्तर: तुझी यादी छान आहे आणि त्यातले अर्धे खरंच नातेवाईक आहेत, पण अर्धे नाहीत, आणि ते ओळखायचं कसं हेच या सगळ्या अभ्यासातलं सगळ्यात गोड काम आहे.

सारखं ऐकू येतंय यावर जायचं नाही. जुन्यातलं जुनं रूप काढायचं आणि एका भाषेतला आवाज दुसऱ्या भाषेत दर वेळी तसाच बदललेला दिसतो का ते बघायचं. उदाहरण देते. ‘अहम्’ आणि ग्रीक-लॅटिनचा ‘एगो’, ऐकायला सारखे वाटतात का? नाही वाटत. पण संस्कृतचं ‘महा’ आणि ग्रीकचं ‘मेगा’ बघ, संस्कृत ‘हनु’ आणि ग्रीक ‘गेनुस’ (दोन्ही म्हंजे हनुवटी, जबडा) बघ, संस्कृत ‘दुहिता’ आणि ग्रीक ‘थुगातेर’ बघ, इकडे ‘ह’ तिकडे ‘ग’, चारही ठिकाणी. असं चार-चारदा घडलं की तो योगायोग राहत नाही. तर ‘अहम्’ आणि ‘एगो’ नातेवाईक. तुझ्या जर्मनचा ‘इश’ आणि इंग्रजीचा ‘आय’ (जुन्या इंग्रजीत तो ‘इच’ असा होता) हेही त्याच घरातले.

आणि आता तुझा ‘मी’. इंग्रजीचा ‘मी’, लॅटिनचा ‘मे’, आयरिशचा ‘मे’, स्पॅनिशचा ‘मी’, संस्कृतचे ‘माम्, मया, मे, मम’ हे सगळे एका मुळाचे. म्हंजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी या सगळ्या जिच्यातून आल्या त्या मूळ भाषेत कर्त्याला एक शब्द होता ‘अहम्’सारखा, आणि ‘मला, माझं, माझ्याकडून’ यासाठी ‘म’वाला दुसराच शब्द होता. इंग्रजीत ‘आय’ आणि ‘मी’ मध्ये एक पण अक्षर सारखं नाही ते याच्यामुळेच.

मला यात सगळ्यात भारी काय वाटतं सांगू का, की ठिकठिकाणी त्या ‘म’वाल्यानं ‘अहम्’वाल्याला उठवून त्याची जागा घेतलीये, आणि एकमेकांना न विचारता! मराठीत घेतली ते वर सांगितलंच. आयरिशमध्ये ‘मे’ कर्ता झाला, वेल्शमध्ये ‘मी’ कर्ता झाला. फ्रेंच माणूस ‘कोण आहे?’ ला ‘म्वा’ म्हणून उत्तर देतो, तो पण ‘मे’चाच झालेला. इंग्रज माणूस दार वाजवून ‘इट्स मी’ म्हणतो, ‘इट्स आय’ म्हणत नाही. आणि फारसी बघ, जुन्या फारसीत कर्त्याला ‘अदम्’ होता, आपल्या ‘अहम्’चा भाऊ, आणि ‘मना’ म्हंजे ‘माझं’. आजच्या फारसीत ‘अदम्’ गेला आणि ‘मन’ म्हंजे ‘मी’. कॅम्पातल्या एखाद्या इराण्याच्या हॉटेलात जुने मालक गल्ल्यावर बसून घरच्यांशी फारसीत बोलत असले तर कान देऊन ऐक, तो ‘मन’ ऐकू येईल. पोलिशमध्ये ‘दाय मी’ म्हंजे ‘मला दे’, त्यातला ‘मी’ म्हंजे संस्कृतचा ‘मे’, ‘मे देहि’ मधला.

स्वाहिली आणि जॉर्जियन मात्र यात बसत नाहीत. स्वाहिली बांटू कुळातली, जॉर्जियन कॉकेशसच्या वेगळ्याच कुळातली, त्यांचे बाकीचे शब्द आपल्याशी कुठे जुळत नाहीत, ‘ह’-‘ग’सारखा एकही बदल लागत नाही. ‘म’ हा ओठ मिटून निघणारा सोपा आवाज, जगातल्या बहुतेक सगळ्या भाषांत आहे, त्यामुळे एवढ्याशा शब्दात असं जुळणं होतच राहणार. शब्द जितका छोटा तितका तो जुळवून दाखवणं सोपं, त्यामुळे एका अक्षराच्या शब्दावरून जगाच्या सगळ्या भाषा कुणी एक केल्या तर तिथे विश्वास ठेवायचा नाही. हंगेरियनमध्ये ‘मी’ म्हंजे ‘आम्ही’ आणि शिवाय ‘काय’. तुर्कीत ‘मी’ म्हंजे प्रश्नाचा ‘का’, ‘गेल्दिन मी?’ म्हंजे ‘आलास का?’. थायमध्ये ‘मी’ म्हंजे ‘असणे’. तिबेटीत ‘मी’ म्हंजे ‘माणूस’. ग्रीकमध्ये आज ‘मी’ म्हंजे ‘नको, करू नकोस’, आणि हा मात्र आपला लांबचा नातेवाईक निघतो, पण आपल्या ‘मी’चा नाही, तर संस्कृतच्या नकारातल्या ‘मा’चा, गीतेतल्या ‘मा फलेषु’ मधल्या ‘मा’चा. जुन्या ग्रीकमध्ये तो ‘मे’ असा लांब होता, पुढे उच्चार बदलून ‘मी’ झाला.

तुला हे आवडत असेल तर रा. गो. भांडारकरांबद्दल वाच. त्यांनी १८७७ साली मुंबईत विल्सन व्याख्यानं दिली त्यात संस्कृतातून प्राकृतात आणि तिथून मराठी, हिंदी, गुजरातीत शब्द कसे उतरले ते आवाजागणिक मांडून दाखवलं होतं. त्यांच्या नावाची संस्था इथे पुण्यात लॉ कॉलेज रोडला १९१७ पासून उभी आहे, कात्रजहून एक बस.

प्रश्न: ताई, औंधला एका हॉटेलात गेलो होतो, मेनूकार्डवर ‘मी गोरेंग’ होतं. माझी लेक म्हणाली आई, मी गोरेंग म्हणजे मी कोण आहे? आणि मग तिनं माझा फोन दाखवला, त्याच्यावर पण ‘एमआय’ लिहिलेलं! आता ती सगळीकडे ‘मी’ शोधत असते. तिला काय सांगू? – औंध

उत्तर: तिला सांगा की ‘मी गोरेंग’ म्हंजे परतलेले नूडल्स. मलय आणि इंडोनेशियन भाषेत ‘गोरेंग’ म्हंजे तळलेलं-परतलेलं, आणि ‘मी’ म्हंजे नूडल्स. हा ‘मी’ तिथे चीनच्या फुजियान भागातल्या लोकांनी नेला, त्यांच्या होक्किएन बोलीत ‘मी’, आणि बीजिंगच्या चिनीत ‘मियेन’. आता गंमत, आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर चायनीजच्या गाडीवर जे चाऊमीन मिळतं ना, त्यातला ‘मीन’ म्हंजे हाच शब्द. ‘चाऊ’ म्हंजे परतलेलं. म्हंजे मी गोरेंग आणि चाऊमीन ही एकाच पदार्थाची दोन नावं आहेत म्हणायला हरकत नाही, एकात परतलेलं मागे आणि एकात पुढे. जपानी ‘रामेन’ मधला ‘मेन’ पण तोच.

फोनवरचा ‘मी’ वेगळा, तो ‘शाओमी’ या चिनी कंपनीच्या नावातला. चिनीत ‘मी’ म्हंजे तांदूळ, न शिजवलेला, आणि ‘शाओ’ म्हंजे छोटा. ‘शाओमी’ म्हंजे शब्दशः ‘छोटा तांदूळ’, पण चीनमध्ये हे एका धान्याचं नाव आहे, आणि ते धान्य म्हंजे आपलं राळं! राळ्याचा भात करत असाल घरी तर लेकीला तो वाढा आणि सांगा की हे तुझ्या फोनचं नाव. जपानमध्ये अमेरिकेला ‘बेइकोकु’ म्हणतात, त्यात तांदळाचंच अक्षर आहे, म्हंजे लिहिताना ‘तांदूळदेश’. चीन आणि कोरियात मात्र अमेरिकेचं नाव लिहितात ‘सुंदर देश’. दोन्हीकडे खरं तर ‘अमेरिका’ मधला ‘मे’ उच्चारासाठी एक-एक अक्षर निवडलं होतं, एकानं तांदळाचं निवडलं, दुसऱ्यानं सुंदरचं.

पण खरी गोष्ट मला तुमच्या लेकीला सांगायचीये ती तिसऱ्याच चिनी ‘मी’ची, आवाज खाली टाकून म्हणायचा ‘मी’, म्हंजे मध. हा शब्द चिनी भाषेचा मूळचा नाही. फार पूर्वी चीनच्या पश्चिमेला, आज ज्याला शिनजियांग म्हणतात त्या वाळवंटी भागात, तोखारी नावाची भाषा बोलणारे लोक राहायचे. ती भाषा संपली, पण तिची बौद्ध हस्तलिखितं वाळूत सापडली आणि १९०८ मध्ये दोन जर्मन अभ्यासकांनी ती भाषा ओळखून दाखवली. निघाली काय तर संस्कृत-लॅटिन-ग्रीकच्याच कुळातली! तर या तोखारीत मधाला ‘मित’ म्हणायचे. हा ‘मित’ आणि संस्कृतचा ‘मधु’ एकाच मुळाचे. चिनी लोकांनी मधाबरोबर शब्द पण त्यांच्याकडून घेतला, तेव्हा त्याचा उच्चार ‘मित’च होता, पुढे बीजिंगच्या बोलीत शेवटचा ‘त’ गळाला आणि राहिला नुसता ‘मी’. मध्येच तो जपानला गेला, तिथे त्याचं ‘मित्सु’ झालं, आणि गळालेला ‘त’ तिथे अजून शाबूत आहे. रशियनमध्ये मधाला ‘म्योद’, लिथुआनियनमध्ये ‘मेदुस’, इंग्रजीत मधाच्या दारूला ‘मीड’. म्हंजे आपल्या फडताळातली मधाची बाटली आणि चीनमधल्या दुकानातली, दोन्हीवरचा शब्द एकच, आणि ‘मी’ ऐकून आपल्याला पत्ताही लागत नाही. मागच्या उत्तरात त्या मुलाला लिहिलं की सारखे दिसणारे शब्द नातेवाईक असतीलच असं नाही, तर हे त्याच्या उलटं, अजिबात सारखे न दिसणारे सख्खे निघाले. मला हा शब्द पहिल्यांदा कळला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

प्रश्न: सा-रे-ग-म वरून डो-रे-मी आलं असं आमच्या गाण्याच्या क्लासमध्ये एकदा कुणीतरी म्हणालं. दोन्हीकडे ‘रे’ आहे! – सदाशिव पेठ

उत्तर: नाही. आपला ‘रे’ ऋषभाचा. त्यांचे स्वर अकराव्या शतकात इटलीत अरेझो गावच्या ग्विदो नावाच्या साधूनं एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींवरून बसवले, ओळींच्या तुकड्यांची पहिली अक्षरं घेऊन, तिथे ‘रे’ आला ‘रेझोनारे’ मधून आणि ‘मी’ आला ‘मीरा’ मधून, ज्याचा अर्थ अद्भुत गोष्टी. ‘डो’ आधी ‘उत’ होता. त्यांचा ‘मी’ म्हंजे आपला शुद्ध गंधार. ‘रे’ जुळला तो योगायोगानं.

प्रश्न: मी रास्ता पेठेत वाढलो, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले ज्यू, घरात मराठीच. लहानपणी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेत ‘मी खामोखा’ असं यायचं तेव्हा मला वाटायचं की आपण देवाला ‘मी, मी’ म्हणतोय. वडील म्हणाले की हिब्रूत ‘मी’ म्हणजे ‘कोण’. तेव्हापासून हे डोक्यात आहे. दोन्हींचा काही संबंध असेल का? वय ७१, आता विचारून टाकतो. – रास्ता पेठ

उत्तर: काका, बरं झालं विचारलंत. वडिलांनी सांगितलं ते अगदी बरोबर, ‘मी खामोखा’ म्हंजे ‘तुझ्यासारखा कोण आहे’. ‘मायकल’ या नावात पण तोच ‘मी’ आहे, मूळ हिब्रूत ‘मी-खा-एल’, म्हंजे ‘देवासारखा कोण?’, अख्खं नावच एक प्रश्न. लष्कर भागात लाल देवळापाशी (तेही सिनेगॉगच) उभं राहून कुणी मायकल नावाच्या माणसाला हाक मारली तर खरं तर तो प्रश्नच विचारतोय.

शब्दांचा म्हणाल तर संबंध नाही. हिब्रू सेमिटिक कुळातली, अरबीची बहीण, आणि अरबीत ‘कोण’ला ‘मन’ म्हणतात. वर त्या कात्रजच्या मुलाला लिहिलं ना की फारसीत ‘मन’ म्हंजे ‘मी’. म्हंजे अरबीत ‘मन’ म्हंजे कोण, फारसीत ‘मन’ म्हंजे मी, हिब्रूत ‘मी’ म्हंजे कोण आणि मराठीत ‘मी’ म्हंजे मी, आणि आपलं मराठीतलं ‘मन’ आणखी तिसरंच. फारसीचा ‘मन’ आपल्या ‘मी’च्या घरातला आणि अरबीचा ‘मन’ हिब्रूच्या ‘मी’च्या घरातला, पण या दोन घरांना जोडणारा एकही दुवा इतिहासात खरा नाही. पण एका मराठी पोराच्या कानात एकाच वेळी ‘मी’ म्हंजे मी आणि ‘मी’ म्हंजे कोण असं दोन्ही पडत होतं, हे तुमच्या बाबतीत खरं घडलेलं आहे, आणि अशी माणसं जगात थोडीच असतील. तुमच्या घरच्या मराठीत असे आणखी शब्द असतील, सणाचे, जेवणाचे, तर दोन पानं लिहून पाठवाच, मी पुढच्या अंकात जागा राखून ठेवते.

जाता जाता एक. ‘ऊन मी म्हणतंय’ हे आपण एप्रिलमध्ये म्हणतो ते कुठून आलं असं तिघांनी विचारलंय. ‘मी मी म्हणणारे’ म्हंजे स्वतःला मोठे समजणारे, ताकदवान, तोच ‘मी’ उन्हाला लावला. संस्कृतनं ‘अहम्’वरून अहंकार केला आणि मराठीनं ‘मी’वरून मीपणा केला, पण उन्हाला ‘मी’ म्हणायला लावायचं हे फक्त मराठीलाच सुचलं.

आणि धायरीच्या दादांना परत, पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की आजीच्या आवाजातले दोन-तीन व्हॉइस मेसेज अजून फोनमध्ये आहेत. ते फोन बदलायच्या आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा, आणि मुलीला ऐकवा.